पी. पी. कॉल, कोल्हापूर

गुरुवार : प्रती ६०

पुणे स्टेशनवर हमालानं पहिलं खोकं उचललं आणि तसंच खाली ठेवलं.

“काय आहे यात?”

“पुस्तकं.”

“मग वीस रुपये जास्त पडतील. कागद लोखंडाला ऐकत नाही, बाई.”

गेल्या चौदा महिन्यांत माझ्या पुस्तकाबद्दल आलेला हा सर्वांत वजनदार अभिप्राय. वीस रुपये दिले. तीस-तीस प्रतींची दोन खोकी आणि मी, असे तिघं कोयना एक्स्प्रेसमध्ये चढलो.

पुस्तकाचं नाव इथे मुद्दामच लिहीत नाही. नाहीतर हे प्रवासवर्णनसुद्धा जाहिरातच आहे, असं आमचे शेजारी म्हणतील. विषय तेवढा सांगते. १९८१ साली मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागले आणि सुरुवातीची काही वर्षं ट्रंक बोर्डावर, म्हणजे बाहेरगावचे कॉल जोडून देण्यात काढली. कानाला हेडफोन, समोर कॉर्डचं जंजाळ, हाताशी तिकिटांचा गठ्ठा. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग असे कॉलचे प्रकार. मोजायचं माप तीन मिनिटांचं. आणि सगळ्यांत कटकटीचा पी. पी. कॉल, म्हणजे पर्टिक्युलर पर्सन. अमुकच माणूस हवा. त्याचा भाऊ नको, बायको नको, दुकानातला गडी नको. तो माणूस सापडेपर्यंत पलीकडे कुणीतरी गल्लीतून पळत जायचं आणि अलीकडे आम्ही लाइन धरून बसायचो. २०२० च्या जानेवारीत देशभरातल्या पाऊण लाखाहून अधिक सहकाऱ्यांबरोबर मीही स्वेच्छानिवृत्ती घेतली. दोन महिन्यांत टाळेबंदी लागली. घरात बसून करायचं काय, म्हणून लिहायला घेतलं.

लिहिणं सोपं होतं असं आता वाटतं. प्रकाशकांनी पाचशे प्रती छापल्या. प्रकाशन समारंभाला तीन वक्ते होते, त्यांतल्या एकानं पुस्तक वाचलेलं होतं. त्या संध्याकाळी त्रेचाळीस प्रती गेल्या. पण घेणाऱ्यांपैकी एकोणतीस जणांना मला घरच्या कार्यालाही बोलवावंच लागतं. वर्तमानपत्रांकडे परीक्षणासाठी दोन-दोन प्रती धाडल्या. एका ठिकाणी ‘साभार पोच’मध्ये नाव आलं, आडनाव चुकलं. भाच्यानं बावीस सेकंदांचं रील केलं. साडेचार हजार लोकांनी पाहिलं. त्या आठवड्यात दोन प्रती विकल्या गेल्या, त्यातली एक भाच्याच्या आईनं घेतली.

एकच गोष्ट मी स्वतःच्या डोक्यानं केली होती. शेवटच्या पानावर माझा फोन नंबर छापायला लावला होता. प्रकाशक नको म्हणत होते. “लोक रात्री-अपरात्री फोन करतील.” करू देत की. एकोणचाळीस वर्षं मी दुसरं काय केलं? वर्षभरात बत्तीस फोन आले. त्यातले तीन ब्रॉडबँड बंद पडलंय म्हणून होते. बाकीचे मात्र खरे वाचक. ‘आमच्याकडे फोन नव्हता, शेजारच्या वाण्याचा पी. पी. नंबर द्यायचो’ इथून सुरुवात व्हायची आणि पुढचा अर्धा तास मी नुसतं ‘हं, हं’ करायचे. फोन ठेवताना म्हणायचे, “बहिणीला पाठवायचंय, कुठे मिळेल?” मी नोंदणीकृत बुक पोस्टानं धाडायचे. स्वस्त पडायचं.

१८ डिसेंबर २०२४ ला टपाल खात्यानं ती सवलतीची सेवाच बंद केली. त्यानंतर छापील पुस्तक पार्सल म्हणून जायला लागलं, नाहीतर कुरिअरनं. अडीचशे रुपयांच्या पुस्तकामागे हशील किती घ्यायचं हे मागणाऱ्याला सांगताना माझीच जीभ अडखळायला लागली. जानेवारीत कोल्हापूरच्या मैत्रिणीनं सहा प्रती मागितल्या. मी खर्चाचं रडगाणं लावलं. ती म्हणाली, “पोस्टानं कशाला? तूच ये की घेऊन. सहा कशाला, साठ आण.”

ही मैत्रीण म्हणजे ‘चार नंबर’. कोल्हापूर एक्स्चेंजमध्ये ती चार नंबरच्या बोर्डावर असायची आणि माझ्या कानात तिचं नाव कायम तेच राहिलं. आम्ही चाळीस वर्षं बोलतोय आणि एकदाही भेटलो नाही. कोल्हापूरच मी पाहिलं नव्हतं. तरी पुस्तकातलं सगळ्यांत मोठं प्रकरण, अठरा पानांचं, कोल्हापूरवर आहे. सगळं ऐकून लिहिलेलं. कुस्तीचं मोठं मैदान असलं की रात्री बातमीदारांचे कॉल यायचे, कोण चीतपट झालं ते मला पुण्याच्या पेपरवाल्यांच्या आधी कळायचं. त्या पानांवर मी फार खूश होते.

कऱ्हाडला शेजारी एक गृहस्थ येऊन बसले. त्यांनी खोक्यातून डोकावणारी प्रत मागून घेतली. मलपृष्ठावरचा फोटो बघितला, मग मला बघितलं. “या तुम्हीच का?” मी हो म्हटलं. त्यांनी वाचायला सुरुवात केली. किर्लोस्करवाडी गेलं, सांगली गेली, ते मान वर करेनात. मी मनात सुट्टे पन्नास रुपये तयार ठेवले. मिरजेला त्यांनी चाळिसाव्या पानाचा कोपरा दुमडला, पुस्तक माझ्या हातात दिलं, “छान आहे, वाचत राहावं असं आहे,” म्हणाले आणि उतरून गेले. कोपरा कुणासाठी दुमडला देव जाणे.

रात्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवर उतरले. फलाटावर हमालाशी वीस रुपयांचा तोच वाद घालत असताना मागून आवाज आला, “हॅलो पुणे!”

वळून बघितलं तर माझ्यापेक्षा वीतभर बुटकी, पांढऱ्या केसांची बाई. “मी वळखलो की लगेच. अजून तसंच नाकातनं बोलतीस.” कोल्हापूरच्या बायका ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात हे फोनवर हजारदा ऐकलं होतं, पण ते वाक्य साडीतून येताना पाहणं वेगळं.

शुक्रवार : प्रती अजून ६०च

सकाळी मिसळ. तिच्याबद्दल लिहिणाऱ्यांची कमतरता नाही, म्हणून एवढंच सांगते, की कट मागावा लागत नाही आणि पावाच्या स्लाइस मोजत नाहीत. मग रिक्षात एक खोकं घालून पुस्तकांच्या दुकानांकडे निघालो.

पहिल्या दुकानात मालकांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि पुस्तक उलटून आधी किंमत पाहिली. “ठेवून जा पाच. चाळीस टक्क्यांनी. गेली तर पैसे, राहिली तर सहा महिन्यांनी घेऊन जायची.” मी मनात आकडेमोड केली. लेखिकेची सवलत म्हणून प्रकाशक मला चाळीस टक्के सोडतो, म्हणजे प्रत मला दीडशेला पडते. दुकानदार मला देणार दीडशेच. हमाल, रिक्षा आणि तिकीट माझ्या पदरचं. म्हणजे प्रत विकली गेली तर माझं तेवढंच नुकसान, आणि नाही गेली तर सहा महिन्यांनी न्यायला यायचं भाडं वेगळं. तरी ठेवल्या. कोल्हापुरातल्या दुकानाच्या फळीवर आपलं पुस्तक असावं, ही हौस आहे. हौसेला हिशेब नसतो.

“दर्शनी ठेवाल ना?” मी विचारलं.

“मॅडम, खरं सांगू? लोक विचारत आलं की पुस्तक आपोआप पुढं येतंय. कुणी विचारलं नाही तर दर्शनी ठेवूनबी धूळच बसती.”

“पण लोकांना कळल्याशिवाय ते विचारणार कसे?”

“ते तुमचं काम.” आणि त्यांनी हसून चहाचा कप पुढे केला. माणूस सरळ होता. दुसऱ्या दुकानात एवढंही झालं नाही. तिथे स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांच्या भिंतीमागून एका मुलानं सांगितलं, की शेठ नाहीत आणि शेठ असते तरी त्यांनी घेतलं नसतं.

रिक्षा पुढे निघाली. केशवराव भोसले नाट्यगृह लागलं. १९१५ साली शाहू महाराजांनी बांधलेलं, मूळचं पॅलेस थिएटर. २०२४ च्या ऑगस्टमध्ये एका रात्रीत जळालं. चार नंबरनं रिक्षावाल्याला न सांगता तो हळू झाला. तिनं तिकडे बघितलं नाही. लागूनच कुस्तीचं मैदान.

“हे खासबाग,” ती म्हणाली.

“माझ्या पुस्तकात आहे,” मी अभिमानानं म्हटलं.

“हां. वाचलो की.” आणि ती दुसऱ्या बाजूला बघायला लागली. नाट्यगृहाचं दुःख असेल असं मला वाटलं.

मग करवीर नगर वाचन मंदिर. १८५० साली नेटिव्ह लायब्ररी म्हणून सुरू झालेली ही संस्था. सन सत्तावन्नच्या आधीपासून हे शहर वर्गणी भरून वाचतंय. कोल्हापूर संस्थानानं १९४५ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, देशातला असा पहिला. महाराष्ट्राचा कायदा यायला १९६७ साल उजाडलं. हे मला चार नंबरनं पायऱ्या चढता चढता सांगितलं, आणि ‘तुमच्या पुण्यात’ हे दोन शब्द दर वाक्यात घातले. तिथे दोन प्रती घेतल्या, रीतसर पावती करून. बाईंनी विचारलं, “वाचकांशी गप्पांचा कार्यक्रम करायचा का कधी?” ‘कधी’ या शब्दावर मी लगेच तारीख काढायला डायरी उघडली. आतापर्यंत हे शिकले होते.

दुपारी बिंदू चौक. चहा पिता पिता विषय निघाला गोविंद पानसऱ्यांचा. ‘शिवाजी कोण होता?’ ही त्यांची पुस्तिका १९८८ ची. मुळात ते भाषण. किंमत कुणालाही परवडेल अशी, विक्री सभांमधून, मोर्चांमधून, कार्यकर्त्यांच्या झोळीतून. लाखाहून अधिक प्रती गेल्या, अनेक भाषांत गेली. ना कुठे रील, ना समारंभ. २०१५ च्या फेब्रुवारीत याच शहरात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि त्यानंतर ती पुस्तिका आणखी हातांत पोचली. चार नंबर म्हणाली, “त्यांनी आधी बोलून घेतलं, मग लिवलं. तुम्ही लोक आधी लिवता, मग बोलायला माणसं शोधता.” मी चहा संपवला. तिच्याशी वाद घालायला चाळीस वर्षांत मला एकदाही जमलेलं नाही. पूर्वी निदान लाइन तोडता यायची.

उन्हं उतरल्यावर शिवाजी विद्यापीठात गेलो. वि. स. खांडेकरांचं स्मृती संग्रहालय तिथे आहे. ‘ययाती’ला १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं, मराठीतलं पहिलं. पण मी तिथे रेंगाळले ते वेगळ्या कारणानं. शिरोड्याची शाळा सोडून हा माणूस १९३८ साली कोल्हापूरला आला, सिनेमाच्या कथा लिहू लागला, आणि तरी लोकांना त्यांच्याशी बोलावंसं वाटायचं ते पत्रातून. उतारवयात दृष्टी गेली तेव्हा ते सांगायचे आणि लेखनिक लिहून घ्यायचे. डोळे गेलेल्या लेखकाला वाचकाचं पत्र कुणीतरी वाचून दाखवतंय, मग तो उत्तर सांगतोय, हे चित्र माझ्या डोक्यातून जाईना. म्हणजे मधे एक ऑपरेटर होताच. चार नंबरला हे सांगितलं तर ती म्हणाली, “आणि तो तीन मिनिटांनी लाइन तोडत नव्हता.”

शनिवार : प्रती ५३

आजचा कार्यक्रम पक्का होता. राजारामपुरीकडच्या एका कॉलनीचं सभागृह, संध्याकाळी पाच, ‘लेखिका आपल्या भेटीला’. फ्लेक्सवर माझा फोटो इतका मोठा होता, की कोपऱ्यात तेवढे शुभेच्छुक मावले नव्हते. दुपारभर मी कुठली पानं वाचायची त्यांना चिठ्ठ्या लावत बसले. अकरा चिठ्ठ्या झाल्या.

पाचला पोचलो तर सभागृहात सतरंज्यांवर पस्तीस-चाळीस बायका, मधोमध हळदी-कुंकवाचं तबक, तिळगुळाच्या वड्यांची ताटं. संक्रांत होऊन चार दिवस झालेले. रथसप्तमीपर्यंत कोल्हापुरातलं कुठलंही सभागृह मोकळं मिळणं अवघड, हे फ्लेक्स छापणाऱ्याच्या लक्षात आलं नव्हतं. कॉलनीचे सेक्रेटरी घाम पुसत आले. “मॅडम, जरा घोटाळा झालाय. तुमचं पुढच्या शनिवारी ठेवूया काय?”

पुढच्या शनिवारी मी पुण्यात असणार होते. मी खोक्याकडे बघितलं. चार नंबरनं मात्र चपला काढल्या, सरळ आत गेली आणि यजमानीणबाईंच्या कानात काहीतरी बोलली. दोन मिनिटांत माझ्या कपाळाला हळद-कुंकू लागलं, हातात तिळगूळ आला आणि मला भिंतीशी खुर्ची मिळाली.

मी चिठ्ठी क्रमांक एक काढली. पान बारा. वाचायला लागले. दुसऱ्या परिच्छेदाला पहिला मोबाइल उजळला. तिसऱ्याला एक पोरगं रडलं आणि त्याच्या आईला उठायला निमित्त मिळालं. चौथ्याला मागच्या रांगेत उखाण्यांची चर्चा सुरू झाली. मी आवाज चढवला. तेवढ्यात मागून चार नंबर ओरडली, बोर्डावर ओरडायची तशीच:

“वाचू नको गं! सांग!”

पुस्तक मिटलं. चिठ्ठ्या आतच राहिल्या. मी सांगायला लागले, की एक साखर कारखान्यातला कारकून दर शनिवारी पी. पी. कॉल बुक करायचा. गाव दूर, तिथे फोन एकच, किराणा दुकानात. माणूस हवा कोण, तर त्याची बायको. दुकानदाराचा मुलगा तिला बोलवायला पळायचा. ती शेतातून धावत यायची. धाप इतकी लागलेली असायची, की पहिलं मिनिट नुसताच श्वास ऐकू यायचा. मग ती म्हणायची, “बरं हाय न्हवं?” तो म्हणायचा, “हाय. तुझं?” “हाय.” आणि तीन मिनिटं व्हायची. मी घड्याळाकडे बघायचे आणि एक मिनिट तिकिटावर लिहायची विसरायचे. दर शनिवारी विसरायचे.

सभागृह गप्प झालं होतं. मग पुढच्या रांगेतली नऊवारीतली आजी म्हणाली, “माझं लगीन ट्रंक कॉलवर ठरलं. मुलानं मला बघितलंच न्हाई, मामानं फोनवर रंग सांगितला. गव्हाळ म्हणाला. खोटं बोलला.” हशा पिकला. मग थांबेना. कुणाचा नवरा दुबईला होता, कुणाच्या वडिलांची बातमी रात्री दोनला वाण्याच्या फोनवर आली आणि वाण्यानं सकाळपर्यंत सांगितलीच नाही, झोपू दिलं. ती बाई हे सांगताना अजून वाण्यावर चिडलेली होती की त्याचे आभार मानत होती, मला कळलं नाही. तासभर मी काहीही बोलले नाही. हातात पेन होतं; पुस्तकावर सही करायला आणलेलं, त्यानं मी हळदी-कुंकवाच्या निमंत्रणपत्रिकेच्या पाठीमागे टिपून घेत होते.

घरी येताना चार नंबर म्हणाली, तिच्या वडिलांनी तिला लहानपणी शंकर पाटलांचं कथाकथन ऐकायला नेलं होतं. पाटील तर इथलेच, पट्टण कोडोलीचे. ते, मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर तिघं मिळून गावोगाव हिंडले. लोक पोटभर हसायचे आणि दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाऊन पुस्तक मागायचे. “तुझ्यासारखं खाली मान घालून वाचलं असतं तर चिंचोके मारले असते लोकांनी.”

विक्रीचं सांगायचं राहिलं. अकरा बायकांनी एकेक प्रत घेतली. मी दोनशेला दिली, म्हणजे दर प्रतीमागे पन्नास रुपये सुटले. मग यजमानीणबाई आल्या. पुढच्या आठवड्यात त्यांच्या माहेरी हळदी-कुंकू होतं, वाण म्हणून पुस्तक लुटायचं त्यांच्या मनात आलं होतं. “पंचवीस द्या, निम्म्या किमतीत.” मी घुटमळले. निम्मी किंमत म्हणजे प्रतीमागे पंचवीस रुपये माझ्याच खिशातून, ते एक. दुसरं म्हणजे, फुकट मिळालेलं पुस्तक कोण वाचतं? वाणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यांचं काय होतं ते मला ठाऊक आहे. पुस्तकाचं त्याहून काय वेगळं होणार? हे मी बोलूनही दाखवलं. शहाणपणाचं नव्हतं ते.

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “माझ्या घरात वाणाच्या स्टीलच्या वाट्या सतरा आहेत. पुस्तक एकबी नाही. सतरापैकी एक वाटी तरी रोज वापरतोच की आम्ही.” शेवटी दीडशेनं दहा दिल्या. ना नफा, ना तोटा. त्यांनी प्रत्येक प्रतीवर सही मागितली, पण नाव कुणाचंच नको. “कुणाच्या वाट्याला जाईल ते मला तरी कुठं ठाऊक?”

रात्री तांबडा-पांढरा. चार नंबरच्या मुलानं केला होता आणि तो ‘जगात भारी’ आहे असं त्यानं वाढायच्या आधीच जाहीर केलं. जाहिरात अशी करावी.

रविवार : प्रती ३२

रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट होतं. सकाळी अंबाबाईचं दर्शन घेतलं. गर्दी होती, एवढंच. मग चार नंबर म्हणाली, “एक वाचनालय दाखवतो. लांब न्हाई.”

लांब होतं. पन्हाळ्याच्या रस्त्यानं निघून उसाच्या ट्रॉल्यांमागून तासभर. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे झालं ते नियमाला धरून नव्हतं. ग्रामपंचायतीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या. ‘क’ वर्गाचं वाचनालय. ग्रंथपाल म्हणजे निवृत्त वाटावेत इतके शांत, पण अजून चाळिशीतले गृहस्थ. त्यांनी हिशेब सांगितला: अनुदान हप्त्यांत येतं, खरेदीची घाई मार्चअखेर, आणि सभासदांना विचारून यादी करावी तर अर्धे लोक म्हणतात, ‘तुम्हीच बघा काहीतरी चांगलं.’ माझं पुस्तक त्यांनी गेल्या वर्षी प्रदर्शनातून घेतलं होतं. का घेतलं? “मुखपृष्ठावर काळा फोन होता. आमच्या आजोबांकडं तसाच होता.”

मला वाटलं होतं कपाटातून कोरी करकरीत प्रत निघेल. त्यांनी जी काढली तिला खाकी कव्हर होतं, त्यावर दाखल नंबर, आणि आतल्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के. मी मोजले. अकरा. एका प्रतीचे अकरा वाचक. पुण्यातल्या माझ्या इमारतीत पुस्तकाच्या सहा प्रती आहेत आणि वाचक, माझ्या खात्रीचे, दोन.

पानं चाळली. कुठे चहाचा डाग, कुठे हळदीचं बोट. कारकुनाच्या गोष्टीत एका वाक्याखाली रेघ. आणि मग कोल्हापूरचं प्रकरण. पान ८४. समासात पेन्सिलीनं, शाळामास्तरी अक्षरात:

‘खासबाग रंकाळ्याच्या काठाला कधी गेलं? एवढं सोडून बाकी झकास.’

त्याखाली दुसरं, बारीक अक्षर: ‘बरोबर.’

त्याखाली तिसरं, तिरकं: ‘पुण्याची बाई आहे, सांभाळून घ्या.’

मी वरचं वाक्य वाचलं. माझंच वाक्य. ‘रंकाळ्याच्या काठावरच्या खासबाग मैदानात दिवे लागले, की आमच्या बोर्डावरही लागायचे.’ किती सुंदर लिहिलंय असं मला त्या वेळी वाटलं होतं. शुक्रवारी त्याच मैदानासमोरून रिक्षा गेली, नाट्यगृहाला लागून, आणि रंकाळा कुठल्या कुठे. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नव्हता.

चार नंबर खिडकीतून ऊस बघत होती.

“तुला माहीत होतं.”

“पुस्तक आलं त्याच रात्री.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“मैत्रिणीच्या पुस्तकातली चूक कोण काढतंय? म्हणून तर हितं आणलो की तुला.”

समासात आणखीही होतं. एका पानावर कुणीतरी त्याच्या गावच्या एक्स्चेंजची आठवण लिहिली होती, चार ओळींत, माझ्या अख्ख्या पानापेक्षा नेमकी. एका ठिकाणी नुसतंच ‘आई’ आणि तारीख. मला ती प्रत हवी होती. खोक्यातून दोन नवीन प्रती काढल्या, ग्रंथपालांसमोर ठेवल्या. “या दोन घ्या, पैसे नकोत. ही जुनी मला द्या.”

“देता येत नाही, मॅडम. दाखल नंबर पडलाय. ऑडिटला दाखवावी लागती.”

“हरवली म्हणून लिहा.”

“समोर असताना?” ते खरंच दुखावले. दोन्ही नवीन प्रती मात्र त्यांनी ठेवून घेतल्या, देणगी म्हणून पावती केली आणि तिथल्या तिथे दाखल नंबर टाकले.

मग मी सतरंजीवर बसून समासातलं सगळं वहीत उतरवून घेतलं. सव्वा तास लागला. लिहिणारे कोण, ते ग्रंथपालांनी सांगितलं नाही. रजिस्टरवर त्यांनी सहज हात ठेवला, इतका सहज की मला विचारायचीही लाज वाटली. अकरातले कुणीही असतील. अमुकच माणूस हवा, असं म्हणायची सोय नव्हती.

उठताना पान ८४ पुन्हा उघडलं आणि पर्समधून पेन काढलं. भिंतीवर पाटी होती: ‘पुस्तकात कोणत्याही खाणाखुणा करू नयेत.’ ग्रंथपालांनी पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, टेबलाचा खण ओढला.

“शाईनं नको,” ते म्हणाले, आणि पेन्सिल दिली.

तिसऱ्या अक्षराखाली थोडी जागा उरली होती. तिथे लिहिलं, ‘चूक माझी. खासबाग जागेवर नेते. – पुण्याची बाई.’